एचआरशी बोलणे म्हणजे तक्रार नव्हे

वाचकाचे पत्र

सप्रेम नमस्कार. मी पुण्यातील एका खासगी कंपनीत सहा वर्षे नोकरी करते. गेल्या वर्षी बदलून आलेले आमचे व्यवस्थापक सुरुवातीला कामाच्या निमित्ताने आणि पुढे निमित्ताशिवायही रात्री उशिरा व्हॉट्सॲपवर संदेश पाठवू लागले. माझ्या कपड्यांवर आणि दिसण्यावर शेरे असत. 18 फेब्रुवारीला बैठक संपल्यावर त्यांनी मला एकटीला थांबवून घेतले आणि जे केले ते मला इथे लिहवत नाही. 3 मार्चला मी एचआरमधील मॅडमना ईमेल करून भेटले आणि सगळे सांगितले. त्या म्हणाल्या, "आम्ही आमच्या पातळीवर बघतो. तू लेखी काही देऊ नकोस, विनाकारण वाढेल." पुढे दोनदा विचारले, तेव्हा "चालू आहे" एवढेच उत्तर मिळाले. 11 एप्रिलला अप्रेझल झाले. पाच वर्षे चांगले रेटिंग असलेल्या मला याच व्यवस्थापकांनी सर्वांत खालचे रेटिंग दिले आणि प्रकल्पातूनही काढले. आता जूनमध्ये त्याच मॅडम म्हणतात, "तीन महिने होऊन गेले, आता समितीकडे जाता येणार नाही." खरेच वेळ गेली का? एप्रिलचे रेटिंग ही शेवटची घटना धरता येईल का? घरचे म्हणतात, राजीनामा देऊन मोकळी हो. – एक वाचक, 24 जून

उत्तर

सप्रेम नमस्कार. वेळ गेलेली नाही. हे दोन ओळींचे उत्तर तुम्हाला पत्र मिळाले त्याच दिवशी कळवले होते, कारण सदर छापून येईपर्यंत जे दिवस जातात तेही तुमच्याच मुदतीतून वजा होत असतात. मात्र वेळ भरपूर आहे असेही नाही, आणि जी आहे ती मागून घ्यावी लागणार आहे. आपोआप मिळणार नाही. इथे सविस्तर लिहिते आहे ते तुमच्यासाठी आणि तुमच्यासारख्याच ज्या इतर वाचक एचआरच्या "बघतो" या शब्दावर विसंबून आहेत त्यांच्यासाठीही.

ज्याला आपण बोलताना पॉश कायदा म्हणतो, त्या कामाच्या ठिकाणी महिलांच्या होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या अधिनियमाच्या कलम 9 प्रमाणे तक्रार लेखी असावी लागते, ती कंपनीत अशा तक्रारींसाठीच नेमलेल्या अंतर्गत समितीकडे द्यावी लागते आणि घटनेपासून तीन महिन्यांच्या आत द्यावी लागते. घटनांची मालिका असेल तर शेवटच्या घटनेपासून तीन महिने मोजले जातात. तुमच्या बाबतीत 18 फेब्रुवारीपासूनचे तीन महिने 18 मे रोजी संपले, आणि एचआरच्या मॅडमनी तुम्हाला सांगितले ते इतपत खरे आहे. त्यांनी जे सांगितले नाही ते त्याच कलमात पुढच्याच परंतुकात, म्हणजे अपवाद सांगणाऱ्या तरतुदीत, लिहिलेले आहे: मुदतीत तक्रार करण्यापासून महिलेला रोखणारी परिस्थिती होती अशी समितीची खात्री झाली, तर समिती कारणे लेखी नोंदवून आणखी तीन महिन्यांपर्यंत मुदत वाढवू शकते. म्हणजे तुमची बाहेरची सीमा 18 ऑगस्ट आहे, आणि त्यापलीकडे मुदत वाढवण्याचा अधिकार या कायद्याने समितीला दिलेलाच नाही. शिवाय मुदतवाढ द्यायची की नाही हे समितीने ठरवायचे आहे, एचआर विभागाने नव्हे. "आता जाता येणार नाही" हे वाक्य उच्चारण्याचा अधिकार त्या मॅडमना नव्हता.

मी काही कंपन्यांच्या समित्यांवर बाहेरची सदस्य म्हणून बसते. तक्रारीची फाईल उघडली की घटनेचे वर्णन वाचण्याआधी कोणीतरी तारखांवर बोट ठेवते, हे मी वारंवार पाहिले आहे. एका प्रकरणात तक्रारदार बाई शांतपणे म्हणाल्या, "पण मी तर पहिल्याच आठवड्यात सांगितले होते." फाईलमध्ये त्याचा पुरावा म्हणून त्यांनी जोडलेला ईमेल होता. त्याचा विषय होता "थोडे बोलायचे होते", आणि मजकूर एवढाच की उद्या दुपारी वेळ मिळेल का. त्या ईमेलने त्या भेटायला गेल्या होत्या हे सिद्ध होत होते. कशासाठी गेल्या होत्या याचा त्यात मागमूस नव्हता. बाईंना संकोच वाटला होता आणि तो स्वाभाविक होता, परंतु मुदतीचा हिशेब मांडताना कागदावर जे उतरलेले नाही त्याचे वजन फार कमी पडते. तुमचा 3 मार्चचा ईमेल आज पुन्हा उघडून पाहा. त्यात नेमके काय लिहिले आहे यावर तुमच्या विलंबाच्या स्पष्टीकरणाची बरीच भिस्त आहे. त्यात व्यवस्थापकांच्या वागण्याचा एका वाक्याचाही उल्लेख असेल तर उत्तमच. नसेल तर नंतरचे संदेश, भेटीची कॅलेंडरमधील नोंद, त्या दिवशी मैत्रिणीला किंवा बहिणीला पाठवलेला एखादा मेसेज, असे जे काही सापडेल ते गोळा करा.

अनेकांचा समज असा असतो की कंपनीतील कोणा जबाबदार माणसाला सांगितले म्हणजे तक्रार झाली आणि तेव्हापासून मुदतीचे घड्याळ थांबले. कायद्याच्या दृष्टीने एचआर विभाग आणि अंतर्गत समिती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. समितीच्या अध्यक्षस्थानी वरिष्ठ पदावरील महिला कर्मचारी असावी लागते, निम्म्याहून कमी महिला सदस्य चालत नाहीत आणि एक सदस्य बाहेरचा, म्हणजे महिलांच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या संस्थेतील किंवा या विषयाची जाण असलेला, असावा लागतो. एचआरने आपल्या पातळीवर केलेली चौकशी, दिलेली समज किंवा घडवून आणलेली बोलणी यांपैकी कशानेही मुदत थांबत नाही. याचा गैरफायदा प्रत्येक कंपनी जाणूनबुजून घेते असे मी म्हणणार नाही, कित्येकदा ते अज्ञान असते; पण परिणाम दोन्हीकडे सारखाच होतो.

इथे एक गोष्ट मात्र तुम्ही याच आठवड्यात तपासा. समिती स्थापन केल्याचा आदेश कार्यालयात ठळक जागी लावणे मालकावर बंधनकारक आहे, आणि बहुतेक ठिकाणी तो पॅन्ट्रीजवळ किंवा हजेरीच्या यंत्राशेजारी, कोणी वाचणार नाही अशा उंचीवर लावलेला असतो. त्या फलकावरची नावे वाचा आणि मोबाईलवर त्याचा फोटो काढून ठेवा. ज्या मॅडमना तुम्ही 3 मार्चला भेटलात त्यांचे नाव त्या यादीत असेल, तर प्रकरणाला वेगळेच वळण लागते. कारण महिलेला लेखी तक्रार देता येत नसेल तर तिला ती लेखी करण्यासाठी वाजवी ते सर्व साहाय्य करणे हे समितीच्या अध्यक्षांचे आणि सदस्यांचे कर्तव्य म्हणून त्याच कलम 9 मध्ये सांगितले आहे. असे कर्तव्य असलेल्या व्यक्तीनेच "लेखी देऊ नकोस" म्हटले असेल, तर तक्रार उशिरा का आली याचे उत्तर शोधायला समितीला फार लांब जावे लागणार नाही. त्यांचे नाव यादीत नसले तरी त्यांचा सल्ला हे विलंबाचे कारण म्हणून मांडता येतेच. आणि फलकच नसेल, किंवा दहा अथवा अधिक कर्मचारी असूनही समितीच नसेल, तर तो मालकाचा स्वतंत्र अपराध आहे आणि त्यासाठी 50,000 रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. अशा वेळी या कायद्याखाली नेमलेल्या जिल्हा अधिकाऱ्यांकडे लेखी कळवावे. दहापेक्षा कमी माणसे असलेल्या ठिकाणी किंवा खुद्द मालकाविरुद्धच तक्रार असेल तेव्हा जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचे असते. केंद्र सरकारच्या शी-बॉक्स या संकेतस्थळावरूनही तक्रार नोंदवता येते, आणि तिथे तारखेची नोंद आपसूक होते हा त्याचा एक फायदा.

आता तुमचा दुसरा प्रश्न, जो पहिल्यापेक्षा अवघड आहे. 11 एप्रिलचे रेटिंग ही शेवटची घटना धरली तर तीन महिने 11 जुलैपर्यंत जातात आणि विलंबाचा प्रश्नच उरत नाही, असे तुम्हाला कोणीतरी सुचवलेले दिसते. या मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयाचा 12 सप्टेंबर 2025 चा निकाल प्रत्येकीने लक्षात ठेवण्यासारखा आहे. कोलकात्यातील एका विधी विद्यापीठाच्या प्राध्यापिकेने कुलगुरूंविरुद्ध स्थानिक समितीकडे डिसेंबर 2023 मध्ये तक्रार दिली होती. छळाची शेवटची घटना एप्रिल 2023 मधली होती, म्हणजे तीन अधिक तीन असे सहा महिनेही उलटून गेलेले होते. त्यानंतर आपल्याला एका केंद्राच्या संचालकपदावरून काढले हा त्याच छळाचा पुढचा भाग आहे, असे त्यांचे म्हणणे होते. न्यायालयाने ते मान्य केले नाही. पदावरून काढण्याची कारवाई प्रशासकीय स्वरूपाची होती, ती लैंगिक छळाची घटना नव्हती, आणि म्हणून मुदत एप्रिलपासूनच मोजावी लागेल, असे ठरवून तक्रार मुदतबाह्य धरली. त्याच निकालात या प्रकरणाची नोंद संबंधित कुलगुरूंच्या कार्यपरिचयात कायम ठेवण्याचा आदेशही न्यायालयाने दिला. घडले ते पुसले जाऊ नये असे न्यायालयाला वाटले, तरी मुदत ओलांडलेल्या तक्रारीची चौकशी मात्र सुरू करता आली नाही.

तुमचे प्रकरण तंतोतंत तसे नाही. तुमचे रेटिंग ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे त्यांनीच दिले आहे, आणि नोकरीत अहितकारक वागणूक देण्याची उघड किंवा गर्भित धमकी, कामात ढवळाढवळ, भीतिदायक किंवा शत्रुत्वाचे वातावरण निर्माण करणे या गोष्टी लैंगिक वर्तनाशी जोडलेल्या असतील तर त्या छळातच मोडतात असे कलम 3 म्हणते. 18 फेब्रुवारीनंतर त्यांनी "अप्रेझल जवळ आले आहे" अशा अर्थाचे काही म्हटले होते का, ते आठवून पाहा. असे एखादे वाक्य रेटिंगला त्या घटनेशी बांधून ठेवते. तरीही माझा सल्ला असा की या युक्तिवादाच्या भरवशावर बसू नका. तक्रारीत रेटिंगचा उल्लेख छळाचा परिणाम म्हणून आणि मालिकेतील घटना म्हणून अवश्य करा, परंतु मुदतीचा हिशेब 18 फेब्रुवारीपासून मांडून विलंबमाफीची मागणीही सोबतच करा. समितीने रेटिंगला शेवटची घटना मानले तर चांगलेच. न मानले तरी तुमची तक्रार उभी राहील. वकील याला पर्यायी विनंती म्हणतात.

विलंबमाफीची विनंती वेगळ्या अर्जातच असली पाहिजे असे नाही, ती तक्रारीतला एक परिच्छेद म्हणूनही चालते. पण "काही कारणांमुळे उशीर झाला" एवढे लिहून भागत नाही. कायद्याचा शब्द रोखणारी परिस्थिती असा आहे, म्हणून कशाने रोखले ते तारीखवार लिहा. साधारण असे: "दि. 3 मार्च रोजी मी एचआर विभागातील संबंधित अधिकाऱ्यांना भेटून वरील प्रकार सांगितला. त्यांनी कंपनी आपल्या पातळीवर कारवाई करत असल्याचे सांगून लेखी तक्रार न देण्याचा सल्ला दिला. त्यानंतर दि. ___ व दि. ___ रोजी मी पाठपुरावा केला असता कारवाई चालू असल्याचे मला सांगण्यात आले. माझे वार्षिक मूल्यमापन गैरअर्जदार व्यवस्थापकांच्याच हाती असल्याने माझ्यावर दडपण होते. अंतर्गत समितीकडे स्वतंत्रपणे लेखी तक्रार द्यावी लागते हे मला दि. ___ रोजी प्रथम समजले. या परिस्थितीमुळे मी मुदतीत तक्रार करू शकले नाही; सबब कलम 9 अन्वये मुदत वाढवून मिळावी." रिकाम्या जागी खऱ्या तारखा घाला, अंदाजाने घालू नका, एक तारीख चुकीची निघाली की उलटतपासणीत उरलेल्या तारखाही डळमळीत होतात. त्या काळात डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकांकडे गेला असाल तर त्यांची चिठ्ठी जोडा.

तक्रारीचे बाकीचे सोपस्कार कंटाळवाणे आहेत, परंतु त्यात अडकू नये. नियमांप्रमाणे तक्रारीच्या सहा प्रती, जोडलेले पुरावे आणि साक्षीदारांची नावे-पत्ते द्यायचे असतात; कंपनीत ईमेलने तक्रार स्वीकारण्याची पद्धत असली तरी एक छापील प्रत समितीच्या अध्यक्षांच्या हाती द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारीख व सहीसह पोच घ्या. पोच द्यायला कोणी टाळाटाळ केली तर वाद न घालता तीच प्रत त्याच दिवशी स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा. 18 फेब्रुवारीच्या घटनेचे वर्णन तुम्हाला लिहवत नाही हे मी समजू शकते, मात्र तक्रारीत ते यावेच लागेल; कुठे, किती वाजता, कोण जवळपास होते, काय बोलले, काय केले, एवढे साध्या शब्दांत पुरते, विशेषणांची गरज नसते. व्हॉट्सॲपचे संदेश पुसू नका, आणि केवळ कापलेले स्क्रीनशॉट न ठेवता नंबर व तारीख दिसेल असे संपूर्ण संभाषण जपून ठेवा. कार्यालयाच्या ईमेलमधील आपल्याशी संबंधित पत्रव्यवहाराच्या छापील प्रती घ्या. मात्र घाईघाईत कंपनीची किंवा ग्राहकांची गोपनीय कागदपत्रे स्वतःच्या ईमेलवर पाठवू नका. मूळ प्रश्न बाजूला राहून तुमच्यावरच कारवाईचा विषय सुरू झाल्याचे मी पाहिले आहे.

तक्रारीसोबतच अंतरिम संरक्षणाची लेखी मागणी करा, कारण ती मागितल्याशिवाय मिळत नाही. चौकशी चालू असताना तुमची किंवा त्यांची बदली, तुम्हाला नेहमीच्या रजेव्यतिरिक्त तीन महिन्यांपर्यंत रजा, आणि तुमच्या दृष्टीने सर्वांत उपयोगाचे म्हणजे तुमच्या कामाचे मूल्यमापन त्या व्यवस्थापकांकडून काढून दुसऱ्या अधिकाऱ्याकडे सोपवणे, अशा शिफारशी समिती करू शकते. एप्रिलचे रेटिंग बदलून घेण्याची मागणी मात्र कंपनीकडे वेगळ्या पत्राने करा. समिती नुकसानभरपाई ठरवताना करिअरच्या गमावलेल्या संधीचा विचार करू शकते, परंतु जुने रेटिंग दुरुस्त करून मिळेल असे कायद्यात थेट लिहिलेले नाही.

समेटाचा विषय पुन्हा निघेल अशी मला खात्री वाटते. चौकशी सुरू होण्यापूर्वी समेट घडवता येतो, पण फक्त तुमच्या विनंतीवरून, समितीमार्फत, आणि पैसे घेऊन मिटवणे हा त्याचा आधार असू शकत नाही. एकदा असा समेट नोंदला गेला की पुढे चौकशी होत नाही. समेटाची अट समोरच्याने पाळली नाही तरच ती पुन्हा उघडते. म्हणून "मिटवून टाकू" असे कोणी म्हणाले की ते समितीच्या कागदावर लिहून मागा.

पुढच्या टप्प्यांनाही मुदती आहेत. तक्रारीची प्रत सात कामकाजाच्या दिवसांत समोरच्याकडे जाते आणि त्याने दहा कामकाजाच्या दिवसांत उत्तर द्यायचे असते. चौकशी 90 दिवसांत पूर्ण व्हावी, त्यानंतर दहा दिवसांत अहवाल द्यावा, आणि मालकाने 60 दिवसांत त्यावर कृती करावी. 90 दिवस उलटले म्हणून तुमची तक्रार रद्द होते असे कायद्यात म्हटलेले नाही, तेव्हा तसे कोणी सांगितल्यास विश्वास ठेवू नका. दोन मुदती मात्र तुमच्यावर उलटू शकतात: लागोपाठ तीन सुनावण्यांना पुरेशा कारणाशिवाय गैरहजर राहिलात तर पंधरा दिवसांची लेखी नोटीस देऊन समिती चौकशी बंद करू शकते, आणि शिफारशी मान्य नसतील तर अपील 90 दिवसांत करावे लागते. अपिलाचे दिवस शिफारशींपासून मोजले जातात, म्हणून अहवालाची प्रत मिळाल्यावर त्यावरही तारीख टाकून ठेवा. समितीपुढे वकील आणता येत नाही. कागद तयार करताना वकिलाची मदत घेण्याला मनाई नाही.

पोलिसांचे घड्याळ निराळे आहे, हे फार थोड्यांना माहीत असते. नको असलेला शारीरिक स्पर्श किंवा लैंगिक मागणी हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 75 खाली तीन वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे आणि त्याची दखल घेण्याची मुदतही तीन वर्षांची आहे. केवळ अश्लील शेरेबाजीसाठी शिक्षा एक वर्षापर्यंत आणि मुदतही एक वर्षाची. म्हणजे समितीने मुदतवाढ नाकारली तरी सगळे दरवाजे बंद होत नाहीत, आणि तुम्हाला पोलिसांत जायचे असल्यास मदत करणे हे मालकाचे कर्तव्य आहे. तो मार्ग आज धरा असे मी सुचवत नाही, तो तुमचा निर्णय आहे.

राहिला राजीनामा. या कायद्यात पीडित महिलेची व्याख्या "नोकरीत असो वा नसो" अशी आहे, त्यामुळे राजीनाम्याने तक्रारीचा हक्क जात नाही आणि मुदतही वाढत नाही. व्यवहारात मात्र राजीनाम्याच्या दिवशी लॅपटॉप परत जातो, ईमेल बंद होतो, सहकारी साक्षीदार हळूहळू फोन उचलेनासे होतात, आणि अंतरिम संरक्षणाला अर्थ उरत नाही. घरच्यांची काळजी खरी आहे, त्यांना उद्धटपणे उडवून लावू नका. त्यांना हा परिच्छेद वाचून दाखवा आणि निदान पोच हातात पडेपर्यंत थांबायला सांगा. राजीनामा द्यायचाच ठरले, तर कारणाच्या रकान्यात "वैयक्तिक कारण" लिहू नका. तिथे तक्रारीची तारीख लिहा.